ऑर्डरपेक्षा जास्त

"अगं ए बये, दहाच हवेत म्हटलं ना!"

ऋता हातातल्या स्कॅनरवर खेकसली. कोलकात्याजवळच्या बजबज गावातल्या त्या अवाढव्य गोदामात आपलं मराठी कुणाला कळणार आहे, अशी तिची खात्री होती.

"दहाच आहेत तिथे. अकरावा माझ्या हातात आहे," रॅकमागून आवाज आला. मराठीच, पण बंगाली हेल लागलेलं.

पाठोपाठ खोका घेतलेला एक उंच तरुण बाहेर आला. "मी श्यामकांत. लोडिंग बघतो."

"श्यामकांत? या वयाला हे नाव?"

"आजोबांचं आहे, मराठीसारखंच. वापरलेलं... पण टिकाऊ."

तो हसला आणि ऋताचे कान उगीचच गरम झाले.

ती आली होती भलत्याच कामाला. औषधांच्या त्या गोदामातून दुकानांना मागणीपेक्षा जास्त माल जात होता. दहा खोक्यांची ऑर्डर असली की बारा निघत आणि वरचे दोन कुणी आपणहून परत करत नसे. ते थांबवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये अडसर घालायला तिच्या पुण्याच्या कंपनीनं तिला पाठवलं होतं. जास्तीचा माल जायचा थांबला की तिनं परत जायचं.

अडसर बसू लागले. ऑर्डरपेक्षा एक खोका जास्त उचलला की स्कॅनर किंचाळे. एकच खोका दोनदा स्कॅन झाला तरी किंचाळे. श्यामकांत एकेक पळवाट दाखवी, ऋता ती बुजवी. दुपारी दोघं हुगळीच्या काठी मातीच्या भांड्यातला चहा पीत. हिवाळ्याचं मऊ ऊन, नदीवरून येणारा तेलाचा वास... आणि त्याची नजर.

"किती वेळ बघायचं, याला काही मर्यादा?"

"तुमच्या सिस्टीमनं अजून अडवलं नाही..."

"अडवेल."

"मग तोवर बघून घेतो."

असं सगळं छान चाललेलं. तरी अधूनमधून जास्तीचा माल जातच होता. कुठून, ते काही सापडेना. दरवेळी तिचा मुक्काम लांबे. चारचौघांत ऋता कपाळाला हात लावी, पण आतून तिला चक्क बरं वाटे. प्रेमात पडलेलं माणूस असंच बेशरम असतं.

आणि मग शेफालीदीचं प्रकरण झालं.

शेफालीदी रॅकवरून माल काढणाऱ्या बायकांमधली सगळ्यांत जुनी. नवऱ्याची ज्यूट मिल बंद पडलेली, घर हिच्या पगारावर. जास्तीचा माल लागोपाठ तिच्याच ऑर्डरींमधून गेला आणि मॅनेजरनं ठरवून टाकलं की बाई दुकानदारांना सामील आहे. फाटकाशी, सगळ्यांच्या देखत, तिची पिशवी उपडी केली. डबा, फणी, एक विटकी शाल. बाकी काही निघालं नाही, तरी चोर म्हणूनच तिला बाहेर काढलं. ती रडलीसुद्धा नाही. खाली बसून फणी शोधत राहिली.

दुसऱ्या दिवशी श्यामकांतनं चहाला हात लावला नाही.

"मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क पोचत नाही," तो नदीकडे बघत म्हणाला. "तिथे शेफालीदी किंवा कुणीही माल काढत असलं की सिस्टीमला वाटतं, ऑर्डर अर्धवट पडली. ती दुसऱ्याला देते. मग दोघंही माल काढतात. तुम्ही प्रत्येक खोका तपासता, पण गाडीत चढताना अख्ख्या ऑर्डरची बेरीज होत नाही. तेवढं केलं की संपलं."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

त्यानं गार झालेला चहा नदीत ओतला.

"श्यामकांत... कधी?"

"तुम्ही आलात त्याच्या आधीपासून माहीत होतं, पण तेव्हा आम्हा लोडिंगवाल्यांना कुणी विचारत नसे. माल माझ्यासमोरच दोनदा येतो ना. ही शेवटची पळवाट बुजली असती, तर तुम्ही गेला असता. मला... तुम्ही जायला नको होतात."

हेच वाक्य ऐकायला ती इतके दिवस जीव टांगून होती. आणि ते आलं तर कसं आलं!

"मला विचारायचं होतंस!" ती ओरडली. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होती. "थांब म्हणायचं होतंस. थांबले असते रे मी!"

तो उठला आणि तडक मॅनेजरच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं. संध्याकाळपर्यंत ऋतानं बेरजेचा अडसर बसवला. 'त्या बाईला या म्हणावं उद्यापासून,' एवढं मॅनेजर बोलला आणि हात झटकून मोकळा झाला.

दोघं शेफालीदीच्या दारात गेले. श्यामकांतनं बंगालीत काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिनं त्याला आत बोलावलं नाही.

"झडती सगळ्यांच्या देखत," ती म्हणाली, "आणि परत बोलावणं असं दारात येऊन, हळू आवाजात? मी नाही यायची, श्यामदा."

मग ती ऋताकडे वळली, हिंदीत म्हणाली, "आणि तू? तुला हा आवडतो?"

खोटं बोलायला ती जागा नव्हती.

"हो," ऋता म्हणाली. "फार आवडतो."

शेफालीदीनं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

दोघं चालत स्टेशनवर आले. फलाटावर उजेड कमी, धुकं दाट. तिला सियालदहपर्यंत जायचं होतं. त्याचं घर बालीगंजला, वाटेतच.

"मघाशी जे म्हणालीस..." तो चाचरला.

"खरं आहे ते."

"मग राहा ना, ऋता. आता विचारतोय."

तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलं नाही.

"तुझ्याकडे बघितलं की मला तिचं दार दिसतं. आणि त्या दारात मीही असते... मलाही बरं वाटतच होतं की रे, दरवेळी. उद्या सकाळचं विमान आहे माझं."

गाडी आली. ऋता चढली, खिडकीशी बसली, आणि शेजारची जागा तिनं नकळत हात ठेवून धरली. गाडी हलली तरी श्यामकांत फलाटावरच उभा होता. पुढच्या गाडीला अजून बराच वेळ होता.