सात नंबरच्या चेंबरमधली वायर

बसा, चहा येतोय. डिंपल, तो मोबाईल पालथा ठेव बेटा, डोळ्यांवर येतो.

असोद्याच्या बन्सीलालचा नीलेश माहीत आहे ना? त्याच्यावर गुजरलेलं सांगतो. त्यांच्याकडे केळी पिकवायचे चेंबर आहेत. म्हणजे थंड, हवाबंद खोल्या. तिथले वजनकाटे मीच बघतो. काटा दुरुस्तीला गेलो की सुकलाल नावाचा मजूर वायर गोल गुंडाळायचा, वरून केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या ओल्या सालीनं, बांधून हातात द्यायचा. गाठ अशी, की दातानंच सुटावी.

तो सुकलाल सात नंबरच्या चेंबरमध्येच गुदमरून गेला. आत क्रेट लावत होता, कोणीतरी न विचारता दार लावलं. तेव्हापासून दार लावण्याआधी हाक मारायची, ही तिथली रीत.

तर नीलेशला कॅमेऱ्यानं केळीचा रंग ओळखायचा होता. सर्व्हर जुनाट, लिनक्स त्याहून जुनं. मशीन लर्निंगची लायब्ररी, म्हणजे रंग ओळखायला शिकवणारं सॉफ्टवेअर, बसेचना. लिनक्स बदलावं, तर सगळी बिलं त्याच्यावर. मी म्हटलं, "नवा घे की."

"काका, परवा व्यापारी बघायला येताहेत. जुन्यावरच बसवतो."

लायब्ररी मुळापासून त्याच मशीनवर तयार करायची, तर तासाभरात मशीन तापून बंद. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र. उकाडा मरणाचा. मजूर गावी गेलेले. पोरानं डोकं चालवलं. सर्व्हर ट्रॉलीवर घातला आणि सात नंबर रिकामा होता, तिथे थंडाव्यात नेला. प्लग बाहेर. लांब वायर उंबऱ्यावरून आत ओढली.

"आबा, सातच का?"

"तोच रिकामा होता, डिंपल."

साडेबाराला काम चालू झालं. पडद्यावर ओळी सरकत होत्या. पंखा घोंघावत होता. नीलेश उपड्या क्रेटवर बसलेला, दाराकडे पाठ.

बाहेर चपला वाजल्या. राखणदार भाईदास, धुळ्याकडचा. थंडी वाया जातेय म्हणून दार लावायला आला. आत कोणी आहे का, रीतीप्रमाणे हाक मारली.

"मझार कोनी शे का?"

नीलेशनं तोंड उघडलं. पण उत्तर आधीच आलं.

खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून.

"कोनी नही…"

आत तो एकटाच होता.

हाक निघेना. दार सरकलं… वायरवर येऊन अडलं. बोटभर फट राहिली.

आणि वायर हलली.

त्याच्या पायांमधून. आत. कोपऱ्याकडे. हळूहळू… कोणीतरी ओढत होतं.

प्लग निघाला. पंखा थांबला. पडदा गेला. काळोख.

वायर सगळी आत गेली, की दार बंद. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. पलीकडून ओढ आली. फट बारीक झाली. पुन्हा ओढ…

"भाईदास…"

एवढंच निघालं. भाईदासनं दार उघडलं. नीलेश बाहेर पडला तो रांगतच.

भाईदास म्हणाला, "भाऊ, मी हाक मारी. जबाब उना नही, म्हनीसन दार लायं."

कोपऱ्यातलं ते उत्तर त्याला ऐकूच आलं नव्हतं.

दोघांनी दाराला कुलूप घातलं. किल्ली रात्रभर बन्सीलालच्या उशाशी. सकाळी बन्सीलालनंच मला फोन केला, म्हणाला, एकट्यानं उघडायला धीर होत नाही. मी गेलो. कुलूप मी काढलं.

आत कोणी नाही. सर्व्हर गार. त्याच्यावर वायर ठेवलेली, गोल गुंडाळून, वरून सोपटानं बांधलेली.

त्या खोलीत आठवडाभर केळीचं पानसुद्धा गेलं नव्हतं.

मी सोपटाला बोट लावलं.

ओलं होतं.