मोरीमागचा पेरू

विलासतात्यांनी पंचाच्या खुर्चीत बसून चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "उघडा मॅडम. आज कुनाच्या बागंवर कुऱ्हाड पडती ते बघू."

डॉ. मृण्मयी खोले हसली. फळमाशी वंशशोध केंद्रात पंच म्हणून बसण्याची तात्यांची ही बेचाळिसावी वेळ होती आणि दर वेळी ते हेच वाक्य बोलत. तिनं सील त्यांना दाखवलं, त्यांनी मान हलवल्यावर फोडलं आणि सात नळ्यांतल्या सात माश्या एकेक करून यंत्रात घातल्या. यंत्राला दीड तास लागायचा. तेवढ्या वेळात तात्या दोन चहा घेत आणि दहा प्रश्न विचारत.

ही माशी इथली नव्हे. परदेशी फळांच्या पेट्यांतून ती कुठल्याशा बंदरात उतरली, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. न बोलावता आली आणि जायचं नाव घेईना, म्हणून शेतकऱ्यांनीच तिला 'पाहुणी' हे नाव ठेवलं. गव्हाच्या दाण्याएवढा जीव, पण पेरू म्हणू नका, अंजीर म्हणू नका, ज्या फळात तिनं अंडी घातली ते आतून सडलंच. पाच वर्षांत पश्चिमेकडच्या निम्म्या बागा बसल्या. पूर्वेकडचा संत्र्यांचा मुलूख तेवढा वाचला होता. त्याला निर्मळ पट्टा म्हणू लागले. मधल्या नाक्यांवर प्रवाशांच्या पिशव्या उपसून बघत, तरी कोणीतरी एखादं फळ पलीकडे नेतच असे.

मग तोडीचा कायदा आला. निर्मळ पट्ट्यात पाहुणी सापडली की ती कोणत्या बागेतून आली ते शोधायचं आणि त्या बागेभोवतीची एक किलोमीटरमधली सगळी फळझाडं तोडायची. झाडं तोडून माशी संपत नव्हती, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण एकाच्या पिशवीपायी सगळ्या वस्तीची झाडं जाणार म्हटल्यावर शेजारीच शेजाऱ्यावर डोळा ठेवील, असा त्यामागचा विचार होता. उगम ठरला नाही, तर संशयातली पश्चिमेकडची चारही खोरी तोडायची. एकदा चुकीचं गाव तोडलं गेलं, तेव्हा बागायतदार रस्त्यावर उतरले. त्यांच्या पुढे होते हे विलासतात्या. त्यांनीच भांडून दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या होत्या. वाचनाला बागायतदारांचा पंच हजर हवा आणि निकाल खुल्या नकाशावर यायला हवा. कोणत्या झाडावरची माशी कोणत्या घरी सापडली, ते आता कोणालाही फोनवर बघता येई.

माशी कुठली हे कळतं कसं, हे तात्यांना मृण्मयीनंच सहा वर्षांपूर्वी समजावलं होतं. नकाशासाठी गावोगावच्या माश्या गोळा करताना ती पश्चिमेकडच्या माळशिंगीत महिनाभर त्यांच्याच घरी राहिली होती.

"वहिनी दही कसं लावतात?" तिनं विचारलं होतं.

"शेजारनं चमचाभर विरजन आनून."

"आणि वर्षभरानं तुमच्या दह्याची चव शेजारच्यासारखीच लागते?"

"न्हाई. परत्येक घरची येगळी."

"माश्यांचंही तसंच. एका खोऱ्यात सुरुवातीला पाचदहा माद्याच पोचतात. ते विरजण. त्यांच्या जनुकांत जे बारीकसारीक फरक असतील, तेच पुढं लाखो माश्यांत उतरतात. महिन्याला एक पिढी, प्रत्येक पिढीत थोडी भर. चारदोन वर्षांत त्या खोऱ्याची माशी दुसऱ्या खोऱ्यापेक्षा वेगळी ओळखू येते. त्या ओळखीला आम्ही वंशखूण म्हणतो."

त्यावर तात्या म्हणाले होते, "म्हंजे माशीच्या अंगावर गावाचं नाव लिवलेलं आस्तंय." याहून सोपं तिलाही सांगता आलं नसतं. पुढे भाषणांत ती हेच वाक्य वापरू लागली.

त्या घरी एक पेरू होता. मोरीमागे, भिंतीच्या आडोशाला, बागेपासून लांब, एकटाच. आतून लाल. मोरीच्या पाण्यानं खालची माती बारा महिने ओली, त्यामुळे उन्हाळ्यात बाकी बागेतले मातीतले कोष वाळून मरत तेव्हाही तिथली माशी जगे. तिथलं विरजण कधी संपत नसे. त्या एका झाडाची वंशखूण सगळ्या नकाशात निराळी होती. नमुने काढायला तात्यांच्या पत्नी सारिकावहिनींनी शिडी धरली होती आणि त्यांची पंधरा वर्षांची लेक ईश्वरी शिडीची वाट न बघता वर चढून पेरू खाली टाकत होती. निम्मे ती वरच खात होती.

ती ईश्वरी दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेली. फवारणीचे ड्रोन चालवणारा, जातीबाहेरचा मुलगा. तात्यांच्या धाकट्या भावानं त्या मुलाच्या बापाचे दोन्ही पाय मोडले. तक्रार द्यायला गेलेला तो माणूस तक्रार मागे घेऊनच घरी आला. सापडली तर दोघांनाही जिवंत ठेवणार नाही, हे भावानं चावडीवर बोलून दाखवलं, आणि तात्या त्याच्या शेजारी उभे होते. गप्प उभे होते, एवढंच. मृण्मयीनं हे ऐकलं आणि विषय कधी काढला नाही. तिला तात्या आवडत. आवडणाऱ्या माणसाविषयी आपण काही गोष्टी बघायच्या टाळतो, तशी तीही टाळत आली होती.

यंत्रानं शीळ घातली. पडदा फक्त तिच्याकडे होता. तिची सही झाल्यावर तो पंचाकडे वळवायचा, असा नियम.

उगम, माळशिंगी. घरामागचे एकटे झाड.

खाली आणखी एक ओळ होती. सात माश्या, चार वेगवेगळ्या पिढ्या. एखादा प्रवासी चुकून फळ नेतो तेव्हा एकच पिढी सापडते. चार पिढ्या म्हणजे चार महिने, चार खेपा. त्या झाडाचे पेरू कोणीतरी कोणालातरी नेमानं पाठवत होतं.

तिनं माश्यांसोबत आलेला कागद ओढला. निर्मळ पट्ट्यातलं पांढरवणी गाव, चाळ, घर क्रमांक नऊ. शेवटच्या रकान्यात सापळे तपासणाऱ्यानं लिहिलं होतं: 'घरात गरोदर बाई, आठवा महिना. फवारणी टाळली.'

"काय निघालं?" तात्यांनी विचारलं.

"फेरवाचन करते. एका माशीचं नीट आलं नाही."

"बेचाळीस येळात पयल्यांदाच," तात्या म्हणाले आणि तिसरा चहा मागवला.

जिन्यात उभं राहून तिनं फोन लावला.

"वहिनी, ईश्वरीला पेरू पाठवता?"

पलीकडे नळाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"डोहाळे लागलेत तिला, ताई. दुसरं काय मागतच न्हाई. त्याच झाडाचा पायजे, आर्धाकच्चा. पोटुशी लेक मागती, आन मी न्हाई म्हनू? तांदळाच्या डब्यात दाबून धाडते."

"माशी सापडली, वहिनी. दीड तासात कागद तात्यांच्या हातात जाईल. घराच्या नंबरासकट."

"दुसरं गाव लिवता येतं का वो?"

"येतं. वाघदरा लिहिलं तर झाडं तुटून वाघदऱ्याची तीनशे घरं उघड्यावर येतील. काहीच नाही लिहिलं तर चार खोरी."

"मंग नगं. त्यांची बी लेकरंबाळं हायत. तुमी खरं लिवा. पोरीला मी सांगते."

"आणि तुमचं?"

"माझं बघीन मी."

"तिला म्हणावं, आत्ताच्या आत्ता निघा. हा फोन फेकून द्या. कुठं चाललात ते कोणाला सांगू नका, तुम्हालाही नाही." मृण्मयी भराभर सांगत गेली. एवढ्या घाईतही आपण सगळं आठवून सांगितलं, याचं तिला बरंही वाटलं.

दीड तासानं तिनं पडदा वळवला. तात्यांनी वाचलं. मग कागद घेतला आणि तोही वाचला, शेवटच्या रकान्यापर्यंत. त्यांच्या स्वतःच्या अकराशे झाडांसकट अख्ख्या माळशिंगीची तोड त्यात लिहिलेली होती. झाडांसाठी आठ दिवस उपोषणाला बसलेला हा माणूस झाडांबद्दल एक शब्द बोलला नाही. त्यानंच ती जास्त घाबरली.

"चार पिढ्या म्हंजे चार खेपा," ते म्हणाले. "बरोबर ना मॅडम? तुमीच शिकिवलंय."

"हो."

त्यांनी सही केली. टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि वळले.

"घर रिकामं आसंल आता. फेरवाचन कशापायी झालं ते कळलं मला. तुमचा राग न्हाई. फकस्त येवढं सांगा, जाताना ऱ्हायलेले पेरू संगं घिऊन गेली आसंल का ती?"

मृण्मयीनं जिन्यातलं बोलणं आठवून पाहिलं. फोन टाका, पत्ता सांगू नका, सगळं सांगितलं होतं. पेरू टाका, हे सांगायचं राहून गेलं होतं. आयुष्य माशीवर काढलेली बाई माशीलाच विसरली होती. आणि माहेरचे पेरू कोणती लेक मागे टाकून जाईल?

तात्या निघून गेल्यावर तिनं वहिनींना फोन लावला. बंद. ईश्वरीचा नंबर तिच्याकडे नव्हता, आणि असता तरी तो तिच्याच सांगण्यावरून एव्हाना कुठल्या नाल्यात पडला असता.

त्या दिवसापासून ती दिवस मोजत राहिली. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून माशी. थंडीच्या दिवसांत तीन आठवडे. निर्मळ पट्ट्यात दर चाळीस मीटरवर कामगंध सापळा टांगलेला होता. मादीच्या वासाची भूल घालून नराला ओढून घेणारे ते पिवळे डबे, गावागावांत, चाळीचाळींत, तिच्याच सल्ल्यावरून लावलेले. ईश्वरी जाईल तिथं पेरूची पिशवी जाणार होती. माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पण पिशवीतल्या अळीच्या अंगावर मोरीमागच्या झाडाचं नाव लिहिलेलं होतं. हा नकाशा माशी शोधायला केला होता, आणि तो आता माणसं शोधू लागला होता. हे आधी कोणाच्या लक्षात यायला हवं होतं तर तिच्या. ते आलं नाही, याची तिला लाज वाटली.

माळशिंगीची तोड झाली. मोरीमागचा पेरू तात्यांनी स्वतःच्या हातानं पाडला, असं तोडीवर गेलेल्या माणसानं सांगितलं. वहिनी दिसल्या का, असं तिनं विचारलं. दारं लावलेली होती, तो म्हणाला. त्यांचा फोन बंदच होता. तिनं पोलिसांना दोन अर्ज केले. गुन्हा घडलेला नाही, असं उत्तर आलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी एक सीलबंद नळी आली. एकच माशी. तिनं नळी टेबलावर ठेवेपर्यंत दार उघडलं आणि तात्या पंचाच्या खुर्चीत येऊन बसले. चष्मा पुसला. या वेळी ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत.

"कागद बघू," ते म्हणाले. तो पंचाचा हक्क होता. तिनं दिला.

ती नळीकडे बघत राहिली. नळी फोडून माशी चिरडावी, तर ते चिरडणं हीच कबुली. यंत्रात घालावी, तर यंत्र बोलणार, आणि सही होताच निकाल त्याच मिनिटाला नकाशावर जाणार. तात्यांचा नियम. माशी वेगळ्या वंशाची निघो, एवढीच एक आशा उरली होती, आणि तिच्यावर तिचाच विश्वास नव्हता. तरी एक मार्ग आहे, तिच्या मनात आलं. दीड तास हातात आहे. त्या गावच्या सापळेवाल्याला फोन करायचा, ईश्वरीला तिथूनही निघून जायला सांगायचं.

तात्या शेवटच्या रकान्याशी थांबले होते. दुसऱ्यांदा वाचत होते. तिनं मान वाकवून पाहिलं. कोण्या सापळेवाल्याचं गोल, शाळकरी अक्षर होतं: 'घरात बाळंतीण, पाचवा दिवस. फवारणी टाळली.'

पाच दिवसांची बाळंतीण कुठं पळणार होती?

तात्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मुलगा का मुलगी," त्यांनी विचारलं, "ते लिवत न्हाईत का वो ह्यात?"

कोणत्या झाडाची माशी ते हजारांतून ओळखणाऱ्या मृण्मयीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा आजोबा विचारतोय की दुसरंच कोणी, हे तिला ओळखता येईना.

"नाही," ती म्हणाली. "ते लिहीत नाहीत."

त्यांनी मान हलवली. कागदाची घडी घातली आणि नळी तिच्याकडे सरकवली.

"लावा मग. मी बसतो."

तिनं सील फोडलं. खाली आवारात तात्यांच्या भावाची गाडी उभी होती, आणि तिचं इंजिन चालू होतं.