खिडकीकडची रांग

"सहा आठवडे मी पोरं मोजली, आणि समिती म्हणते, मी ती मनानं रचली!"

संशोधिका खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागली होती. टेबलापलीकडे वहिनी शांतपणे ऐकत होत्या. खाजगी तपासाचा धंदा त्यांचा. पण सोबत हिंडणारे त्यांचे धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. दिरांना अर्थातच सगळे भावोजी म्हणत. डोकं वहिनींचं आणि घाई भावोजींची, अशी त्यांची वाटणी होती.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

कॉलेजची मुलं ग्रंथालयात अभ्यास कसा करतात, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. दर अर्ध्या तासानं अभ्यासिकेत फेरी मारायची आणि प्रत्येक जागेपुढे लिहायचं: वाचतोय, लिहितोय, मोबाइल बघतोय, झोपलाय. नाव नाही, फक्त जागेचा नंबर. सकाळी ती स्वतः मोजायची. दुपारी तिला शिकवायला जावं लागे, म्हणून तीन ते सहा तिचा नवरा मोजायचा.

सोमवारी समितीतले एक सर म्हणाले, "मी एक दुपार स्वतः बसतो आणि तुमच्या नोंदवहीशी ताडून बघतो." मंगळवारी सकाळी ग्रंथपालांच्या टेबलाचा खण उघडला, तर नोंदवही गायब. त्या खणाला कुलूप नव्हतं.

"आज चार वाजता ग्रंथालयाच्याच वरच्या मजल्यावर समितीची बैठक आहे. वही नसेल तर माझी नोंदणी रद्द. चार वर्षं पाण्यात!"

तिच्याकडे फक्त वहीवरून केलेला तक्ता होता. वहिनींनी तो उलगडला. खिडकीकडची रांग, बारा जागा. सकाळी भरलेल्या, दुपारीही भरलेल्या.

तीन वाजता दोघं अभ्यासिकेत पोचले. भावोजींनी ऐटीत खिडकीकडची खुर्ची पकडली, दोन मिनिटांत मान पुसली आणि उठून खांबाआड जाऊन बसले. त्या रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. मुलं सगळी आतल्या बाजूला दाटीनं बसली होती.

"पडदे नाहीत का हो?" वहिनींनी ग्रंथपालांना विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी धुवायला काढले, तिथून शिंप्याकडे गेले. अजून येताहेत!"

"तुम्हाला हे मोजणं पसंत नव्हतं म्हणे?"

"आधी नव्हतं. पोरं इथं झोपतात हे चारचौघांत कशाला? पण तक्ता पाहिला आणि गप्प बसलो. एवढी गर्दी दाखवून मी नवी इमारत मागणार होतो. आता कशाच्या जोरावर मागू?"

भावोजींचा संशय कोपऱ्यातल्या विद्यार्थ्यावर होता. त्याला सगळे घोरपंत म्हणत. उठवल्यावर तो जांभई देत म्हणाला, "वहीत माझं नाव कुठंय? आणि मी झोपतो हे माझ्या वडिलांनासुद्धा माहितीये."

संशोधिकेचा नवरा कँटीनमध्ये सापडला. पुढ्यात बुद्धिबळाचा डाव होता. चहावाल्यानं न विचारताच त्याच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला.

"वहीच नाही, तर मोजणार कशात?" तो हसला. "बिचारी किती राबली हो! दुपारी तर खिडकीकडे जागा मिळत नाही, एवढी गर्दी."

"चला, तिथंच बसून बोलू," वहिनी म्हणाल्या.

साडेतीनला संशोधिकेसह सगळे खिडकीकडच्या रांगेत बसले. ऊन थेट तोंडावर येत होतं. नवऱ्यानं खुर्ची मागे सरकवली.

"बसवत नाही ना?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मग सहा आठवडे इथं दुपारी बारा-बारा पोरं कशी बसली? पडदे तर दोन महिन्यांपासून नाहीत."

"म्हणजे घोरपंतच!" भावोजी ओरडले. ग्रंथपालांनी तोंडावर बोट ठेवलं.

"भावोजी, जरा दम धरा. घोरपंतांना वहीची भीती नव्हती. ग्रंथपालांना ती हवीच होती. पण दुपारी कुणी ताडून बघितली, तर एकाचंच पितळ उघडं पडणार होतं. सकाळचे आकडे दुपारच्या पानांवर उतरवणाऱ्याचं. चहावाल्याला न सांगता चहा कळतो, म्हणजे तीनला हे रोज कुठं असतात ते समजा."

संशोधिकेनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला ते खोटं निघावं असं मनापासून वाटत होतं.

"पहिला आठवडा खरंच मोजलं गं. तेव्हा आभाळ भरलेलं असायचं, खिडकीकडेही पोरं बसायची," तो पुटपुटला. "मग वाटलं, पोरं तीच, खुर्च्या त्याच. काय फरक पडणार?" त्यानं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. "ते सर येणार म्हटल्यावर घाबरलो. पण आता मिळाली ना! तू ती दाखव. ते यायच्या आत पडदे लागले तर कुणाला कळणारही नाही."

चारला दहा मिनिटं होती. अर्धी वही खोटी होती आणि समितीचा आरोप अर्धा खरा होता. वहिनींना पहिल्यांदाच वाटलं, ही वही सापडली नसती तर बरं झालं असतं.

संशोधिका उठली. वहीला तिनं हातही लावला नाही.

"उचल ती," ती नवऱ्याला म्हणाली. "सकाळचं मी सांगते. दुपारचं तू सांगायचंस, माझ्या शेजारी उभं राहून."

तो वही घेऊन तिच्यामागे निघाला. दारापाशी थबकला, पण ती जिना चढायला लागली होती.