मागून शिकवणारं कॉलेज

शहापूरच्या बाजारपेठेतल्या शेखरशेठच्या दुकानात, जुलैच्या त्या दुपारी, एफ.वाय. बी.ए.च्या पुस्तकांचा एकच संच उरला होता. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, तर्कशास्त्र... एकेका विषयाची तोंडओळख करून देणारी ती जाडजूड पुस्तकं काउंटरवर आली आणि त्यांच्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक भूमिकाचा. दुसरा तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेल्या एका मुलाचा.

भूमिका शहापूरची, इथल्याच कॉलेजची. सोमवारी पुस्तकाशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, असं सरांनी बजावलेलं. तिने हात मागे घेतला नाही. त्यानेही घेतला नाही. तो लांबून आला होता, हे त्याच्या चिखलाने माखलेल्या पँटवरून दिसत होतं. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव, मुरबाडचं कॉलेज, तिथल्या दुकानात पुस्तकं संपली म्हणून एस.टी.ने इथवर आलेला. नाव कमळू. आजोबांचं नाव नातवाला दिलेलं, हे त्याने न विचारता सांगून टाकलं, कारण नाव ऐकून मुली हसतात याची त्याला सवय होती. भूमिका हसली नाही. तिचे डोळे भरून यायच्या बेतात होते.

"फोडू का?" शेखरशेठने विचारलं.

पुस्तकं फोडणं तिकडे काही नवलाचं नव्हतं. एका घरातली दोन भावंडं एका वर्गात असली की जाड पुस्तक मधोमध फोडायचं, दाभणाने शिवायचं आणि अर्धं अर्धं वाटून घ्यायचं. पण परक्या मुलाबरोबर? भूमिका गप्प राहिली. शेखरशेठने तिच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि कपाटातली पुस्तकं कापायची पत्ती काढली.

आता प्रश्न उरला, पुढचा, म्हणजे पहिल्या धड्यांचा भाग कुणाचा. सहामाही परीक्षा पुढच्या भागावर, वार्षिक सगळ्या पुस्तकावर. भूमिकाने ओठ दाताखाली धरला. कमळूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"पुढचा तुमी घ्या," तो म्हणाला. "आमच्या कॉलेजात मागून शिकवतात."

"मागून?"

"हां. आधी शेवटचे धडे... मग पयले."

शेखरशेठला एकाएकी खोकला आला. भूमिकाने मात्र विश्वास ठेवला. अठराव्या वर्षी माणूस कशावरही विश्वास ठेवतो, त्यातून सांगणाऱ्याचे डोळे असे स्वच्छ असले तर विचारायलाच नको. ठरलं असं की दिवाळीच्या सुट्टीत किन्हवलीच्या एस.टी. थांब्यावर भेटायचं आणि भाग बदलून घ्यायचे. शहापूर-मुरबाडच्या गाड्या तिथे चहापाण्याला थांबतात, दोघांनाही सोयीचं.

ती घरी गेली आणि त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिना. पुस्तक उघडलं की मध्येच संपायचं. पुढे काय असेल? उरलेलं सगळं त्या मुलाकडे. तो आत्ता कुठला धडा वाचत असेल, समजत असेल का त्याला... एवढ्यातेवढ्यावरून ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. पागोळ्यांखाली हात धरायची. पुन्हा येऊन बसायची. आई, सकुबाई, म्हणाली, "अभ्यास करतेस का येरझाऱ्या घालतेस गो?"

सहामाही तिला सोपी गेली. दिवाळीत मुरबाडची मामेबहीण मालू राहायला आली, ती कमळूच्याच वर्गातली. करंज्या लाटता लाटता भूमिकाने सहज म्हणून विषय काढला, तुमच्याकडे मागून शिकवतात ना. मालूने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग हसत हसत सांगायला लागली की मागून कसलं शिकवतात, पण आमच्या वर्गातल्या एका येड्याने पेपर मात्र मागून लिहिलेत. विचारलं पहिल्या धड्यातलं, याने लिहिलं शेवटच्या धड्यातलं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं, पोरं हसून हसून बेजार. परीक्षेच्या तोंडावर त्याला पुस्तक तरी कोण देणार. आता वार्षिकला कसर भरली नाही, तर वर्ष गेलं त्याचं. भाऊ त्याला वापीला कंपनीत घेऊन जायला टपलाच आहे. त्यांच्या वाडीतला बारावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच...

भूमिकाच्या हातातलं लाटणं थांबलं. तिला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला आणि या दोन्हींच्या खाली तिसरं काहीतरी होतं, त्याने तर तिला रात्रभर झोपू दिलं नाही.

किन्हवलीच्या थांब्यावर तो तिच्या आधी येऊन उभा होता. कागदात गुंडाळलेले मागचे भाग त्याने छातीशी धरले होते.

"खोटं का बोललात?" तिने आल्या आल्या विचारलं.

तो हसायला गेला, जमलं नाही. "तुमी रडाल असं वाटलं. मला दुसरं काय सुचलंच नाय."

"आणि तुमचं वर्ष गेलं तर?"

"गेलं तर गेलं. वापीला लोक राहतातच की."

हे तो इतकं हलकं बोलला की तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. वापी! ती रागाने थांब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, की दर रविवारी ती इथे येणार. पुढचा अर्धा भाग तिला पाठ आहे, तो ती त्याला शिकवेल. मागचा त्याचा झालाय, तो त्याने तिला शिकवायचा. हो-नाही काही ऐकून घेणार नाही.

"घरी काय सांगाल?"

"मामाकडे जाते म्हणून सांगेन. ते माझं मी बघते, तुमी पास व्हायचं बघा."

असे ते रविवार सुरू झाले. थांब्यामागच्या चिंचेखाली बाक होता, तिथे दोघं मध्ये पुस्तकं ठेवून बसायचे. भूमिकाने त्याला घटत्या उपयोगितेचा नियम वड्यांवर शिकवला. पहिल्या वड्याची जी गोडी, ती दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला त्याहून नाही. त्याने प्रयोग म्हणून सगळे वडे खाल्ले आणि नियम मान्य केला. तिला मात्र मनातून तो नियम पटेनासा झाला होता. दर रविवारची गोडी आदल्या रविवारपेक्षा वाढत होती, याला काय म्हणायचं? आणि सोमवार ते शनिवार तर कसे काढावेत तेच कळत नव्हतं.

कमळू शिकवायचा हळू, खाली बघून. तर्कशास्त्राचे मागचे धडे त्याने असे काही घोटले होते की एकदा त्याने तिला सरळ उदाहरणच घातलं.

"किन्हवलीला येणारी प्रत्येक मुलगी अभ्यासाला येते. तुमी किन्हवलीला येता. म्हणून तुमी अभ्यासाला येता. बरोबर?"

भूमिकाने चिंचेचं एक बारीक पान बोटात चुरगाळलं. "मांडणी बरोबर आहे..."

"मग?"

"पहिलं विधान खोटं आहे."

तो पुस्तकात बघत राहिला. पान उलटायचं विसरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि भूमिकाला इतकं धाडस आपण कुठून आणलं तेच समजेना. त्या दिवशी दोघांनी पुढचे दोन तास राज्यशास्त्राखेरीज एक अक्षर काढलं नाही.

घरी आई म्हणाली, "मामाच्या घरची येवडी ओढ तुला लहानपनी नवती."

परीक्षा झाली. रविवार संपले. एप्रिल गेला, करवंदं पिकली, आणि भेटायला काही कारणच उरलं नाही. भूमिकाची नुसती तगमग. आपला पेपर कसा गेला याची तिला फिकीर नव्हती. त्याचा कसा गेला असेल? मालूकडून निरोप आला की कमळूच्या भावाने बिऱ्हाडाची सोय करून ठेवलीय, निकाल वाईट लागला तर त्याच रात्री गाडी. तो पास व्हावा असं तिला वाटत होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त, तो जाऊ नये असं वाटत होतं. हे तिने उशीला सांगितलं. बाकी कुणाला नाही.

निकालाच्या सकाळी ती घरातून निघाली, स्वतःच्या कॉलेजच्या फाटकावरून तशीच पुढे गेली आणि मुरबाडच्या गाडीत बसली. दोन्हीकडे निकाल एकाच दिवशी होता. आधी त्याचा बघायचा, मग आपला.

मुरबाडच्या फळ्यापुढे ही गर्दी. कोपरांनी वाट काढत ती पुढे घुसली. कमळूचा नंबर तिला तोंडपाठ होता. बोट एकेका नंबरावरून खाली खाली आलं आणि मग... होता. नंबर होता! काठावर का होईना, पण पास. तिने वळून गर्दीत त्याला शोधलं. इथे नाही, तिथे नाही. मालू दिसली, तिला विचारलं.

"तो? तो निकालाला थांबलाच नाय," मालू म्हणाली. "सकाळच्या गाडीने गेला."

निकाल न बघताच वापीला गेला? एवढी खात्री होती त्याला नापास होण्याची? आणि निरोपही न घेता? ती परतीच्या गाडीत बसली खरी, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. शेजारची बाई काहीबाही विचारत होती, ती नुसती मान हलवत होती. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. त्याआधी त्याला बघायचं होतं.

किन्हवलीला गाडी थांबली. समोर शहापूरहून आलेली गाडी उभी होती, आणि तिच्या दारातून घाईघाईने उतरत होता... कमळू. भूमिका कुणाच्या तरी पिशवीवर पाय देऊन खाली उतरली. दोघं रस्त्याच्या मधोमध समोरासमोर आले.

"तुमी पास," तो धापा टाकत म्हणाला. "सेकंड क्लास. दोनदा बघितला."

भूमिकाला आधी कळेचना. हा वापीला गेला नव्हता. हा शहापूरला गेला होता, तिचा निकाल बघायला.

"तुमीपन पास," ती म्हणाली. "आणि स्वतःचा सोडून माझा बघायला कशाला गेलात?"

"तुमी कशाला आलात मुरबाडला?"

याचं उत्तर दोघांकडे होतं, पण बोलायचं कुणी? कमळूने चप्पल मातीत घासली. मग मान वर केली.

"त्या दिवशी दुकानात मी तुमी रडाल म्हणून खोटं बोललो, ते अर्धंच खरं. वाटलं, पुस्तक अर्धं राह्यलं तर ही मुलगी परत भेटायला येईल." तो थांबला. "मला तू आवडतेस, भूमिका. पयल्या दिवसापासून. वर्ष गेलं असतं तरी हेच सांगितलं असतं... वापीहून पत्र टाकून."

भूमिका हसत होती आणि डोळेही पुसत होती. मुरबाडच्या गाडीचा कंडक्टर चढा म्हणून ओरडला. शहापूरच्या गाडीचाही ओरडला. ही दोघं जागची हलली नाहीत, तेव्हा दोन्ही गाड्या त्यांच्या दोन बाजूंनी धुरळा उडवत निघून गेल्या.

"पुढच्या वर्षाची पुस्तकं पन फोडायची का?" त्याने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "पूर्ण पूर्ण घेऊ. मला तुला भेटायला आता कारण लागत नाय."

"मग येत्या रविवारी?"

रविवार? मधे अख्खा आठवडा होता.

"उद्या ये," भूमिका म्हणाली.