धनाजीमामाच्या गाडीचे दिवे

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. मी स्वतः तिथं उभा होतो.

गेल्या एप्रिलमधली दुपार. कोपरखैरणे. माझ्या धनाजीमामाच्या सोसायटीचं तळमजल्यावरचं अंधारं पार्किंग.

मामाचा एकुलता एक पोरगा, शिवतेज, आदल्याच महिन्यात उरण रोडला अपघातात गेला. भर दुपारी. टँकरवाला म्हणाला, "धुळीत बाईक दिसलीच नाही."

ते वाक्य मामाच्या डोक्यातून जाईना.

"अभी, गाडीला दिवसा पेटणारे लाईट बसवू. लांबून दिसली पाहिजे गाडी."

तुर्भ्याला नझीरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी डीआरएलच्या, म्हणजे दिवसा पेटणाऱ्या लाईटच्या, पट्ट्या लावून दाखवल्या. पिवळट, निळसर, पांढऱ्या. मामा दर वेळी रस्त्यापलीकडे जाऊन बघायचा. डोळे बारीक करून...

"अजून झगझगीत नाहीत का?"

"चाचा, समोरच्याच्या डोळ्यावर येईल. हे व्हाईटवाले घ्या, टेन्शन नाय."

बंपरखाली पट्ट्या बसल्या. चावी फिरवली की चालू, काढली की बंद. मीही करून बघितलं.

घरी आल्यावर मामाने गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. लाईट बंद झाले. चावी माझ्या हातात दिली.

आम्ही जिन्याकडे वळलो...

मागची भिंत उजळली.

"शॉर्ट झालं असेल," मी म्हणालो. बॉनेट उघडलं. बॅटरीची वायरच काढली.

लाईट चालूच...

आणि भिंतीवर एक सावली होती. माणसाची.

गाडी आणि भिंतीच्या मध्ये कुणीच नव्हतं.

सावली छतापर्यंत उंच होती. मग हळूहळू लहान व्हायला लागली. कुणीतरी गाडीपासून लांब, भिंतीकडे चाललं होतं... डावा खांदा जरासा वर उचलून.

शिवतेज तसाच चालायचा.

मामा धावत मध्ये गेला. रिकाम्या जागेत हात पसरले.

"शिवा, थांब लेका! आता दिसतोयस तू! जाऊ नको रे!"

सावली थांबली.

खरंच थांबली. मामाची सावली तिच्या शेजारी पडली होती. खांद्याला खांदा लावून...

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. राजेश्वरीमामी.

"अहो, कुणाशी बोलताय?"

लाईट गेले.

भिंत कोरी.

मामा तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

नझीरभाईंनी सगळं वायरिंग उलटंपालटं करून बघितलं. दोष सापडला नाही. लाईटही पुन्हा आपोआप लागले नाहीत.

मामाने मामीला शिवा दिसला एवढंच सांगितलं. आता ती रोज दुपारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसते. मी गेलो की हात घट्ट धरते.

"अभी, मामांना दिसला. तुला दिसला. मग आईलाच का दिसत नाही रे?"



तिचा आवाज आला आणि तो गेला...

हे तिला कसं सांगू?