डॉबिन्स चेरीची मुलगी

सँडविच अर्धं खाऊन झालं होतं, तेवढ्यात वरून लाल रंगाचा एक पापुद्रा तरंगत आला आणि आर्डिथच्या मांडीवर पडला. पाठोपाठ दुसरा. तिसरा थेट सँडविचवर.

"अहो!" तिनं मान वर करून हाक मारली. "खाली माणसं बसतात!"

कारखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, दोन दोरांना टांगलेल्या फळीवर एक माणूस बसला होता. हातात खरवडणी, डोक्यावर रंगानं माखलेली टोपी. त्यानं वाकून खाली पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"माफ करा, मॅडम. मला वाटलं, एवढ्या उकाड्यात इथं कुणी शहाणं माणूस बसणार नाही."

"या गावात सावली एवढीच आहे."

"मग शहाणी माणसं कुठं बसतात?"

"शहाणी माणसं कधीच नॅशव्हिलला गेली."

तो मोठ्यानं हसला. आर्डिथ हसली नाही. तिनं पापुद्रा उचलून फेकला, उरलेलं सँडविच तसंच खाल्लं आणि भोंगा वाजल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठली. चौतीस वर्षांची होती ती, पण त्या ऑगस्टमध्ये तिला उठतानासुद्धा विचार करावा लागत होता.

तिचं काम बसून करायचं होतं, म्हणून बाकीच्या बाया तिला नशीबवान समजत. समोर दिव्यानं उजळलेली पांढरी काच, आणि काचेसमोरून एकामागून एक सरकणाऱ्या बाटल्या. कुठं तडा आहे का, तळाशी कचरा राहिलाय का, कुणी परत करताना सिगारेटचं थोटूक टाकलंय का – हे बघायचं. आठ तास. घरी जाऊन डोळे मिटले तरी बाटल्या थांबत नसत. अर्थात आता थोडेच दिवस उरले होते. डॉबिन्स घराण्यानं कारखाना विकला होता. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी यंत्रं बंद होणार होती आणि त्यानंतर डॉबिन्स चेरी हे थंड पेय दूर कुठल्यातरी शहरात बाटल्यांत भरलं जाणार होतं.

भिंतीवर रंगवलेली जाहिरातीतली मुलगी त्यासाठीच पुसली जाणार होती. नव्या मालकांना पांढऱ्या रंगावर फक्त एक बाटली हवी होती.

ती मुलगी तीस फूट उंच होती. गवताची टोपी, गालाला टेकवलेली थंडगार बाटली, आणि हसू... असं हसू, की ट्रकवाले रस्त्यात वेग कमी करत. पंधरा वर्षांपूर्वी धाकटे डॉबिन्स एका फोटोवाल्याला घेऊन कारखान्यात आले होते आणि बाटल्या धुणाऱ्या पोरींमधून त्यांनी एकीला बोटानं बोलावलं होतं. तिला एक नवा फ्रॉक मिळाला. मग ती टेनेसीभर पसरली – कोठारांवर, दुकानांवर, पेट्रोल पंपावरच्या कॅलेंडरांवर.

तेच कॅलेंडर पाहून क्लाइड गावात आला होता. तिला शोधत. चार वर्षं संसार केला आणि एक दिवस बॅग भरून डेट्रॉइटला निघून गेला. जाताना म्हणाला, "तू कधी हसतच नाहीस, आर्डिथ."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच सावलीत बसली. रंगारी दोर सोडत खाली आला आणि अंतर राखून लाकडी खोक्यावर टेकला.

"ऑरिन टीग. आज खरवडणी बंद. निवांत जेवा."

"आर्डिथ," ती म्हणाली. आडनाव सांगितलं नाही.

त्यानं डॉबिन्स चेरीची बाटली उघडली, खिशातून खारे शेंगदाणे काढले आणि मूठभर बाटलीत सोडले. फेस वर आला, तसं त्यानं घाईनं तोंड लावलं.

"लहान मुलासारखं काय ते," आर्डिथ म्हणाली.

"हात रंगाचे असतात, मॅडम. असं प्यायलं की जेवण आणि पाणी एकाच वेळी उरकतं." त्यानं शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. "घ्या."

तिनं घेतले. बाटलीत टाकले. गोड, खारट, थोडं आंबट... पंधरा वर्षं ती या बाटल्या बघत होती, पण प्यायची मात्र विसरूनच गेली होती.

तो रोज जेवायला खाली येऊ लागला. खरवडताना आत काय काय सापडलं ते तो सांगे. मुलीच्या खांद्याखाली जुनी अक्षरं निघाली होती – 'साखर कमी, चव तीच'. ती महायुद्धातली, साखर मोजून मिळायची तेव्हाची. त्याखाली मंदीच्या काळातली – 'दमलात? डॉबिन्स घ्या.' आणि सगळ्यात तळाशी, विटेला चिकटून, मिशीवाल्या एका औषधवाल्याचं चित्र – 'जेवणानंतर एक पेला, पोटाला आराम.'

"तो थोरला डॉबिन्स," आर्डिथ म्हणाली. "बायकोच्या पोटदुखीसाठी चेरीचं सरबत केलं होतं त्यानं. माझी आजी सांगायची, बायकोची पोटदुखी काही थांबली नाही, पण गिऱ्हाईक थांबेना."

ऑरिन इतका हसला, की शेंगदाणा घशात अडकला. आर्डिथनं त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. हात बाजूला घ्यायला तिला क्षणभर उशीर झाला... हे दोघांच्याही लक्षात आलं.

"तुम्ही काय करणार, या भिंतीनंतर?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"चाळीस भिंती उरल्यात. सगळ्या पुसायच्या. मग संपलं. आता कागद छापून चिकटवतात, नाहीतर टीव्हीवर दाखवतात. अकरा वर्षं रंगवत आलो, आता स्वतःच्याच हातानं पुसतोय." त्यानं मान चोळली. "दमायला होतं. हात दुखतात ते वेगळंच, पण... तुम्हाला कळेल."

तिला कळलं. आणि म्हणूनच विचारू नये ते तिनं विचारलं. "ही मुलगी... कोण आहे, माहीत आहे?"

"चित्र मोठं करून काढायला कंपनीनं चौकटी आखलेला नमुना दिला होता. त्यावर नाव नव्हतं."

त्यानं उत्तर सरळ दिलं, पण नजर बाटलीकडे ठेवली. नेमकी तेव्हाच माल चढवायच्या ओट्यावरून मोझेलनं हाक मारली. मोझेल यंत्रावर तिच्या शेजारीच बसायची आणि तिच्या पोटात कधी काही राहत नसे.

"काय गं आर्डिथ, आज भिंतीवरचं तुझं नाक पांढरं करतोय का तो?"

आर्डिथ गोठली. ऑरिन दचकलासुद्धा नाही. तेच तिला लागलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून," तो हळूच म्हणाला. "तुमचा डावा कान... अकरा वर्षं तो कान रंगवतोय मी."

"अच्छा! म्हणून शेंगदाणे." तिनं बाटली खाली ठेवली. "भिंतीवरची जिवंत सापडली म्हणून."

"आर्डिथ, तसं नाही –"

"तसंच असतं. एकदा पाहिलंय मी."

पुढचे दोन दिवस ती आतच जेवली, वाफेनं कोंदलेल्या खोलीत. मोझेलनं तीनदा माफी मागितली आणि चौथ्यांदा वैतागून म्हणाली, "बाई, रुसायचं तर बाहेर वाऱ्यावर रूस. इथं उकडून मरशील."

शुक्रवारी तीन वाजता यंत्रं थांबली. शेवटची बाटली काचेसमोरून गेली, आणि आर्डिथला पुढं काय बघावं तेच कळेना. बायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. कुणी रडलं. तिला रडायचंही त्राण नव्हतं. डबा उचलून ती दाराबाहेर पडली.

ऑरिन उभा होता. टोपी हातात.

"भिंत झाली," तो म्हणाला. "चेहरा सोडून."

तिनं वर पाहिलं. पांढऱ्याफटक भिंतीत तो हसरा चेहरा एकटाच उरला होता.

"का?"

"तुमचा आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. सकाळपासून मुकादम दोनदा ओरडून गेला. म्हटलं, ओरड बाबा."

कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं. रंगवतानाही नाही.

"मला वर नेता?" ती म्हणाली.

फळी हलत होती. त्यानं तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि बोटं तिला लागू न देता हात मागं घेतला. वर, जवळून, ती मुलगी मुलगी राहिली नव्हती; नुसते रंगाचे पट्टे होते. डोळा ताटाएवढा. ओठ हातभर लांब. आर्डिथनं ब्रश बुडवला आणि सुरुवात ओठांपासून केली.

"क्लाइडला ही हवी होती," ती पांढरा रंग ओढत म्हणाली. "मी घरी दमून यायचे. ही कधी दमायची नाही."

"मला ही कधीच आवडली नाही."

ब्रश थांबला.

"खरं सांगतोय," ऑरिन म्हणाला. "शंभरावर भिंतींवर हिला रंगवलं. ऊन असो, गारठा असो, हिचं आपलं हसू तेच. मी पडलो एकदा, हात मोडला. वर बघतो तर ही हसतेय! राग यायचा मला हिचा. आणि मग त्या दिवशी खालून कुणीतरी खेकसलं... बघतो तर तोच कान, तोच डोळा. पण रागावलेला! मी म्हटलं, वा. हिला रागही येतो." तो थांबला. "मग दुसऱ्या दिवशी तुम्ही जांभई दिलीत. तोंडावर हातही न ठेवता. मला कशी आवडली ती जांभई... कसं सांगू. रात्रभर तीच आठवत होती."

"जांभई?" आर्डिथ म्हणाली. आणि तिला हसू आलं. भिंतीवरच्यासारखं ते अजिबात नव्हतं. नाकातून आलं, वेडंवाकडं, आवरेना असं. फळी हलू लागली, तसं त्यानं तिचा दंड धरला, आणि या वेळी सोडला नाही.

"चाळीस भिंती आहेत," तो म्हणाला. "एकट्यानं पुसायला मन होत नाही. याल का... येशील का बरोबर? दिवसाचं काम. आणि मी – मी फार बोलत नाही."

"फार बोलतोस."

"कमी करेन."

तिनं ब्रश पुन्हा बुडवला. डावा कान तेवढा उरला होता. तो दोघांनी मिळून झाकला.

दोघं खाली आली. घरी सोडतो म्हणून त्यानं ट्रकचं दार उघडलं, आणि रंगाचे डबे मागं चढवायला गेला. तो परत येऊन शेजारी बसला, तेव्हा तिला म्हणायचं होतं की विचार करून सांगते. पण खिडकीतून वारा येत होता, समोरून काहीही सरकत नव्हतं, आणि त्याचा खांदा अगदी जवळ होता...

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ट्रक जागचा हललाच नव्हता. तो तसाच, एका अंगावर ताठ बसून होता.

"किती वेळ झाला?"

"दीड तास असेल."

"उठवायचं ना! हात अवघडला असेल तुझा."

"आहे का तो अजून? मला वाटलं, गेला."

तिनं त्याचा हात मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. एक एक बोट, सावकाश.

"सोमवारी कुठली भिंत?" तिनं विचारलं.

"मॅकमिनव्हिलच्या रस्त्यावर... एक कोठार."

"किती वाजता निघायचं?"

"सहाला."

"सात," आर्डिथ म्हणाली. "मला झोपायचंय." आणि त्याचा हात न सोडता तिनं पुन्हा डोळे मिटले.