श्वासाची जागा

गाण्याच्या दुसऱ्या ओळीत ‘चांदणं’ हा शब्द येतो. त्या शब्दाच्या मधोमध एक श्वास होता. बारीक, घाईचा, नाकातून घेतलेला. कान दिल्याशिवाय कळू नये इतका लहान.

चारुशीलाने तो तुकडा पुन्हा लावला. तिचा मदतनीस अभिजीत, त्याच्या अंगावर काटा आला. श्वास मोबाइलमधून नव्हे, ऑफिसातच कोणीतरी घेतला असं त्याला वाटलं.

समोर बाबाराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते. तांडापेठेतले जुने विणकर. गाण्यातला आवाज त्यांच्या बायकोचा, सत्यवतीबाईंचा होता. भजनांमुळे अर्धं नागपूर त्यांना ओळखत होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि हे गाणं इंटरनेटवर मागच्याच महिन्यात आलं होतं.

“हे तिनं कधीच रेकॉर्ड केलं नाही,” बाबाराव म्हणाले. “घरी चरखा फिरवता फिरवता म्हणे. धोट्यात घालाच्या सुताच्या कांड्या भरे ना ती. आधी एक गाणं आलं, मग दुसरं. मी रोज संध्याकाळी चरख्यापाशी चहा ठेवतो अन् मोबाइल लावतो. ती बोलून राहिली मॅडम, माह्यासंगं.”

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत चारुशीला थांबली.

“माझ्याकडून काय हवंय?”

“एवढंच सांगा, ती हाय का नाही. एका कंपनीले तिचा आवाज पाहिजे. यंत्रात घालून नवी गाणी काढतीन म्हणते. पोरगा सांगून राहिला, सही करा. वर्षभर टाळलं मी. रविवारी कंपनीचा माणूस शेवटचा येते. तिलेच गायचं असंन, तर आडवा येणारा मी कोण?”

ते गेल्यावर अभिजीत म्हणाला, “एआय असेल मॅडम. कोणीतरी टाइमपास म्हणून बनवलं. यात शोधायचं काय?”

चारुशीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. ते सोडून या खाजगी तपासाच्या धंद्यात आली, तरी प्रश्न विचारायची सवय वर्गातलीच राहिली होती.

“मेलेल्या माणसाला श्वास लागत नाही अभिजीत. यंत्रालाही नाही. मग हा कोणाचा?”

अभिजीतने उठून खिडकी लावून घेतली.

तिने सत्यवतीबाईंची जुनी भजनं लावली. अख्खी ओळ एका दमात ओढलेली, सूत ओढावं तशी. मध्ये श्वास नव्हता आणि श्वासापुरती फटसुद्धा नव्हती. नव्या गाण्यात मात्र जागोजागी तो छोटा श्वास येत होता. कधी शब्द संपल्यावर, कधी शब्द मोडून. पण दोन श्वासांमधलं अंतर बदलत नव्हतं.

जरीपटक्यात कापडाच्या दुकानावर रजतचा स्टुडिओ होता. सत्यवतीबाईंचा मुलगा. बोलता बोलता त्याचे डोळे सारखे पडद्याकडे जात.

“देखो मॅडम, दोन तरीके आहेत. एक, शब्द आणि चाल द्या, सगळं यंत्र गाते. दुसरा, कोणीतरी जिवंत माणूस गाते आणि त्याच्यावर आपण आईचा आवाज चढवतो. आईच्या भजनांवरून मीच यंत्राला तिचा आवाज शिकवला. कंपनीला दाखवायला. तो याच कॉम्प्युटरवर आहे, बाहेर कोणालाच दिला नाही.”

“इथे कोण कोण येतं?”

“गोपिका, आईची शिष्या. रेकॉर्डिंगला येते. आणि रविवारी करिष्मा, माझी बहीण. डबा आणते. मी झोपलो तर बसून राहते बिचारी, कॉम्प्युटरशी खेळत.”

“गाणं तुम्हीच टाकलं नाही कशावरून?” अभिजीतने विचारलं.

रजत हसला. “भाऊ, इतकं कच्चं काम? श्वास तसेच ठेवलेत त्यात! आम्ही सबसे पहिले श्वास पुसतो. उलट कंपनीवाला मलेच विचारून राहिला, आवाज चोरीला गेला का म्हणून.”

“लहानपणी मागावर बसलात कधी?” चारुशीलाने विचारलं.

“मी? आईनं सुताला हात लावू दिला नाही. वसतिगृहात शिकलो.”

गोपिका कन्हानला राहायची. अंगणात मुलींची शिकवणी चालू होती. तिने मुलींना घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“ते गाणं मी ऐकत नाही ताई. भीती वाटते. सत्यवतीबाई माझ्या गुरू. त्यांच्या चरख्याशेजारी दुसरा चरखा, त्यावर मी. असंच शिकले. हे गाणंही तिथलंच.”

“एकदा म्हणा.”

गोपिकाने डोळे मिटले.

“कोण फिरवी चाक बाई, कोण ओढी धागा,
अंगणी उतरे चांदणं, रिती माझी जागा…”

दोन्ही ओळी तिने दोन दमांत म्हटल्या. उजवा हात गुडघ्यावर गोल गोल फिरत होता. तिचं तिलाच कळत नव्हतं.

बाहेर येताच अभिजीत पुटपुटला, “हीच ती. गाणंही येतं, स्टुडिओतही जाते.”

“तुझे कान धुऊन घे एकदा,” चारुशीला म्हणाली.

कोराडीच्या वसाहतीत करिष्माच्या खिडकीवर राखेचा पातळ थर होता. ती वीज केंद्राच्या ऑफिसात नोकरीला होती. दार उघडून तिने पहिलाच प्रश्न विचारला, “बाबा जेवले का?”

“विचारलं नाही. गाणं ऐकलंत?”

“ऐकलं. बाबांना म्हणावं, ते बंद करा. रात्ररात्र बोलतात त्याच्याशी. मला माहीत असतं तर…” ती थांबली.

“माहीत असतं तर काय?”

“काही नाही. मी गात नाही. आईच्या तेराव्याला तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, बंद कर वं, नाही ऐकवत. मग बंदच केलं.”

ती खुर्चीवर ताठ बसली होती. अभिजीतचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. डावा पाय दबत होता, मग उजवा, मग डावा. त्याला वाटलं, बाई घाबरली आहे.

रविवारी संध्याकाळी सगळे तांडापेठेत जमले. पुढच्या खोलीत कंपनीचा माणूस कागद घेऊन बसला होता. मागच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर माग होता, त्यावर अर्धवट राहिलेलं लुगडं. शेजारी चरखा, आणि चरख्यापाशी सायीने झाकलेला चहा.

“बाबाराव, मागावर बसा,” चारुशीला म्हणाली. “नेहमीच्या चालीनं विणा. गाण्याकडे लक्ष देऊ नका.”

“हे काय नाटक आहे?” रजत वैतागला.

बाबारावांनी खड्ड्यात पाय सोडले. पायाखालची पावडी दाबली, धोटा फेकला, फणी ओढली. खट्. दुसरी पावडी, धोटा, खट्. हाताला लय सापडली तशी चारुशीलाने मोबाइल लावला.

कोण फिरवी… खट्.

अभिजीतला आधी कळलंच नाही. मग त्याच्या पाठीतून थंड काहीतरी सरकत गेलं. प्रत्येक ठोक्यावर आवाज थांबत होता आणि तो बारीक श्वास घेत होता. अंगणी उतरे चांद… खट्… णं. खोलीत मेलेली बाई गात होती, आणि माग तिच्यासोबत श्वास घेत होता.

बाबारावांचा फणीवरचा हात अडला.  गाणं पुढे चालत राहिलं. चारुशीलाने ते बंद केलं.

“सत्यवतीबाई चरख्यावर गाणं शिकल्या,” ती सावकाश म्हणाली. “चरखा ठोका देत नाही, सूत अखंड निघतं. म्हणून त्यांची ओळ अखंड. गोपिकाचीही तशीच. यंत्राने गळा सत्यवतीबाईंचा चढवला, पण श्वासाच्या जागा गाणाऱ्याच्याच राहिल्या. गाणारी व्यक्ती मागावर वाढलेली आहे, फणीच्या ठोक्याला श्वास घ्यायची सवय तिथलीच. ती रजत नाही, तो सुताजवळही गेला नाही. शिवाय त्याने श्वास पुसले असते. जिने हे केलं तिला ते पुसायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. बाबाराव, तुमचा खोकला एक ओळ पुरी होऊ देणार नाही. मग या मागावर आणखी कोण बसायचं?”

“रजत शिकाले गेला,” बाबाराव हळूच म्हणाले. “मग माह्या जागेवर पोरगी बसे. पाय पुरत नव्हते तिचे, पावडीवर फळी ठोकून देल्ली होती मी.” त्यांनी मान वर केली. “काहून केलं वं, करिष्मा?”

करिष्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“माझ्या आवाजात तुम्हाला ऐकवत नव्हतं. म्हटलं, आईच्या आवाजात ऐकाल. मीच गातेय हे एकदा तरी ओळखाल, असं वाटलं. तुम्ही तर चहा ठेवायला लागलात. मग कोणत्या तोंडानं सांगू?”

गोपिका डोळे पुसत होती. अभिजीतला ते दबणारे पाय आठवले आणि तो स्वतःवरच चरफडला.

“म्हणजे आवाज चोरीला गेला नाही,” रजत म्हणाला. घरातच होता म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला होता. “बाबा, तो माणूस थांबलाय. आता तर काही अडचण नाही. कागद आणू?”

बाबाराव खड्ड्यातून वर आले. चरख्यापाशी वाकून त्यांनी कप उचलला आणि थंड चहा मोरीत ओतला. मग कप विसळून पालथा घातला.

“त्याले जाऊ दे गा,” ते वळून म्हणाले. “मी सही करत नाही. ती गेली. अन् करिष्मा, तू बस मागावर. तुह्या गळ्यानं म्हण, मी ऐकतो.”